हिमोफिलियाच्या रुग्णाला फॅक्टर वेळेत कसा द्यावा: घरापासून रुग्णालयापर्यंत

हिमोफिलियात रक्त गोठवणारे ‘फॅक्टर’ नावाचे प्रथिन जन्मतः कमी असते, म्हणून रक्तस्राव लवकर थांबत नाही. तीव्र हिमोफिलिया असलेल्या मुलाच्या गुडघ्यात रक्तस्राव सुरू झाल्यावर पहिल्या दोन तासांत शिरेतून फॅक्टर गेला, तर बहुतेक वेळा एक-दोन डोसांत काम भागते. तेच इंजेक्शन दुसऱ्या दिवशी मिळाले तर सांधा टम्म फुगलेला असतो, डोस जास्त लागतात, शाळा बुडते आणि सांध्याच्या अस्तराला झालेली इजा कायमची मागे राहते. विरार, कल्याण किंवा पनवेलहून परळच्या केईएम रुग्णालयात पोहोचायलाच दीड ते दोन तास लागतात, तेही गाड्या वेळेवर असतील तर. म्हणून मुंबई परिसरातल्या प्रत्येक कुटुंबाने हे गणित रक्तस्राव होण्याआधीच मांडून ठेवायला हवे: फॅक्टर कुठे ठेवला आहे, किती द्यायचा, कोण देणार आणि कोणत्या रक्तस्रावात घरी थांबायचेच नाही. पुढे दिलेल्या मात्रा जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या मार्गदर्शक तत्त्वांना धरून आहेत. तरीही तुमच्या रुग्णाची मात्रा त्याच्या रक्तविकारतज्ज्ञांनीच ठरवायची असते, आणि ती तोंडी न राहता लेखी तुमच्या हातात असायला हवी.

आधी तीन गोष्टी कागदावर

रक्तातला फॅक्टर ८ कमी असेल तर हिमोफिलिया ए आणि फॅक्टर ९ कमी असेल तर हिमोफिलिया बी. दोन्हींमधला रक्तस्राव वरून अगदी सारखाच दिसतो, पण एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. त्यामुळे ‘याला हिमोफिलिया आहे’ एवढेच सांगून भागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तीव्रता. फॅक्टरची पातळी १ टक्क्यापेक्षा कमी असेल तर आजार तीव्र, १ ते ५ टक्के असेल तर मध्यम आणि ५ ते ४० टक्के असेल तर सौम्य समजतात. तीव्र आजारात काहीही न लागता आपोआप सांध्यांत रक्त उतरते. सौम्य आजार मात्र दात काढल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर अचानक उघड होतो. तिसरी गोष्ट म्हणजे इन्हिबिटर आहे की नाही. शरीराने बाहेरून दिलेल्या फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली असतील तर नेहमीचा डोस वाया जातो, आणि याची माहिती नसलेला डॉक्टर व्हायलमागून व्हायल (औषधाची छोटी बाटली) देत राहतो.

या तपासण्यांसाठी मुंबईकरांना दूर जावे लागत नाही. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. फॅक्टरची पातळी, इन्हिबिटर आणि आई-बहिणींची वाहक तपासणी (आजाराचे जनुक त्यांच्यात आहे का हे पाहणे) ही तिच्या कामाचीच अंगे आहेत. ‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही, मग याला कसा?’ असे आईवडील विचारतात, आणि पुष्कळदा त्यात आईवर ठपका असतो. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत आजाराचा कौटुंबिक इतिहास नसतोच, जनुकातला बदल त्या पिढीत नव्याने झालेला असतो. हे सासरच्या मंडळींना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवावे, असे मला कळकळीने वाटते.

आता माहितीचे एक कार्ड तयार करा आणि ते लॅमिनेट करून रुग्णाच्या पाकिटात किंवा दप्तरात कायम ठेवा. त्यावर आजाराचा प्रकार, फॅक्टरची पातळी, इन्हिबिटरची शेवटची तपासणी व तिची तारीख, रक्तगट, वजन, वापरात असलेल्या औषधाचे नाव, किरकोळ व गंभीर रक्तस्रावासाठी लिहून दिलेली मात्रा, ॲलर्जी आणि उपचार केंद्राचा दूरध्वनी क्रमांक असावा. वाढत्या मुलाचे वजन दर सहा महिन्यांनी नव्याने लिहावे. १८ किलोच्या मुलासाठी लिहिलेला डोस तो २८ किलोचा झाल्यावरही चालू राहिला, तर प्रत्येक वेळी तो अपुराच पडतो.

रक्तस्राव ओळखणे

मोठी मुले स्वतःच सांगतात. सांध्यात मुंग्या आल्यासारखे, आतून गरम झाल्यासारखे किंवा भरल्यासारखे वाटते. बाहेरून अजून काहीच दिसत नसते. फॅक्टर देण्याची खरी वेळ हीच आहे, सूज दिसेपर्यंत थांबू नये. ज्या मुलाला अशा वेळी ‘शाळेला जायचं नाही म्हणून बहाणा करतोस’ असे ऐकावे लागते, तो पुढच्या वेळी सांगतच नाही. लहान मूल बोलत नाही, पण एक हात वापरायचे टाळते, रांगताना एक पाय ओढते, कपडे घालताना कोपर सरळ करू देत नाही. गुडघे, घोटे आणि कोपर हे सर्वांत जास्त रक्तस्राव होणारे सांधे आहेत.

एका रक्तस्रावाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तो हमखास चुकवला जातो. मुलगा कमरेत किंचित वाकून चालतो, झोपल्यावर एक मांडी पोटाकडे घेऊन पडतो, पाय सरळ करायला सांगितला की ओरडतो, आणि दुखणे जांघेत किंवा ओटीपोटात आहे असे सांगतो. सुजेचा मागमूस नसतो. गुडघा वाकलेला दिसतो म्हणून घरच्यांना वाटते की गुडघ्यात काही झाले आहे. उजव्या बाजूला असेल तर कुणाला अपेंडिक्सची शंका येते आणि प्रकरण थेट शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकते. हा इलिओसोॲस नावाच्या, पोटाच्या मागच्या भागातून मांडीकडे येणाऱ्या स्नायूतला रक्तस्राव असू शकतो. तिथे रक्त साठायला भरपूर जागा असते, त्यामुळे बाहेर काही न दिसता हिमोग्लोबिन उतरते आणि मांडीची नस दाबली जाते. हे लक्षण दिसले की पहिला मोठा डोस द्यावा आणि रुग्णालय गाठावे, सोनोग्राफी त्यानंतर.

डोके, मान, घसा, जीभ, पोट आणि डोळा इथला कोणताही रक्तस्राव जिवावरचा किंवा अवयवावरचा मानावा. पोटरी किंवा हाताच्या पुढच्या भागात ताठर सूज येऊन बोटे बधिर झाली, थंड पडली किंवा हलेनाशी झाली, तर नस व रक्तवाहिनी दाबली जात आहे असे समजून ताबडतोब निघावे.

आणखी एक गोष्ट घरातल्या मोठ्या माणसांना समजावून सांगायला हवी. पाय सुजला की आजी प्रेमाने गरम तेलाने मालिश करते, विटेचा किंवा मिठाच्या पुरचुंडीचा शेक देते, नाही तर हाडवैद्याकडे नेऊन ओढून घेते. रक्तस्राव चालू असताना शेक आणि मालिश या दोन्हींनी रक्तस्राव वाढतो. त्याऐवजी सांध्याला विश्रांती द्यावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे ठेवावा व तो चार ते सहा तासांनी पुन्हा ठेवावा, हलकी क्रेप पट्टी बांधावी आणि पाय उशीवर उंच ठेवावा. हे सगळे फॅक्टरच्या जोडीने करायचे आहे. बर्फ लावून वाट पाहणे हा उपचार होत नाही.

मात्रा कशी काढतात

फॅक्टर ८ चे १ युनिट दर किलो वजनामागे दिले तर रक्तातली पातळी सुमारे २ टक्क्यांनी वाढते. फॅक्टर ९ चे तेवढेच दिले तर पातळी सुमारे १ टक्क्यानेच वाढते, आणि प्रयोगशाळेत जनुकतंत्राने बनवलेल्या रिकॉम्बिनंट फॅक्टर ९ ने त्याहूनही थोडी कमी वाढते. म्हणून फॅक्टर ८ साठी वजनाला हव्या असलेल्या टक्केवारीने गुणून निम्मे करायचे. फॅक्टर ९ साठी निम्मे करायचे नाही.

उदाहरणार्थ, ३२ किलो वजनाच्या, तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या मुलाच्या गुडघ्यात रक्तस्राव झाला आहे आणि पातळी ४० टक्क्यांपर्यंत न्यायची आहे. ३२ गुणिले ४० म्हणजे १२८०, त्याचे निम्मे ६४० युनिट. व्हायल साधारणतः २५०, ५०० आणि १००० युनिटच्या मिळतात, म्हणून ५०० आणि २५० ची मिळून ७५० युनिट द्यावीत. उरलेले औषध फेकून देण्यापेक्षा पूर्ण व्हायल देणे केव्हाही चांगले. त्याच वजनाच्या मुलाला हिमोफिलिया बी असेल तर त्याच पातळीसाठी १२८० युनिट फॅक्टर ९ लागेल. हा दुपटीचा फरक लक्षात न घेतल्याने बी प्रकारच्या रुग्णांना अर्धाच डोस मिळण्याचा धोका असतो.

किती टक्के पातळी हवी, हे जागेवर अवलंबून असते. पुरेसे औषध उपलब्ध असेल तेव्हा साध्या सांध्यातल्या रक्तस्रावासाठी ४० ते ६० टक्के सांगितले जाते. जिथे औषध मोजूनमापून वापरावे लागते, तिथे १० ते २० टक्क्यांवरही काम चालवतात. इलिओसोॲससाठी फॅक्टर ८ ची पातळी ८० ते १०० आणि फॅक्टर ९ ची ६० ते ८० टक्के असावी लागते. डोक्यातल्या, मानेतल्या, घशातल्या आणि पोटातल्या रक्तस्रावासाठीही सुरुवात याच वरच्या पातळीने करतात. ५५ किलोच्या तरुणाला डोक्याला मार लागला आणि फॅक्टर ८ ची पातळी १०० टक्के हवी असेल तर २७५० युनिट लागतील. घरात ५०० ची एकच व्हायल असताना ‘आपल्याकडे फॅक्टर आहे’ असे म्हणून निर्धास्त राहू नये, हे या आकड्यावरून लक्षात यावे.

एका डोसाने काम संपत नाही. फॅक्टर ८ ची रक्तातली पातळी ८ ते १२ तासांत निम्मी होते, फॅक्टर ९ ची १८ ते २४ तासांत. त्यामुळे गंभीर रक्तस्रावात फॅक्टर ८ दर ८ ते १२ तासांनी आणि फॅक्टर ९ साधारण दिवसातून एकदा किंवा दोनदा द्यावा लागतो. साध्या सांध्याला एक-दोन दिवस पुरतात. डोक्यातल्या रक्तस्रावात पहिला आठवडा पातळी उंच ठेवतात आणि त्यानंतर ती कमी करत तीन आठवड्यांपर्यंत उपचार चालू ठेवतात. दुखणे थांबले म्हणून तिसऱ्या दिवशी रुग्णाला घरी आणणे अशा वेळी घातक ठरू शकते. दीर्घकाळ टिकणारी नवी फॅक्टर औषधे वापरात असतील तर दोन डोसांमधले अंतर वेगळे असते. ते कार्डावर स्वतंत्रपणे लिहून घ्यावे.

व्हायल तयार करणे आणि शिरेत देणे

हे कौशल्य उपचार केंद्रातील परिचारिकेकडून प्रत्यक्ष शिकावे आणि त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा करून दाखवावे. इथे फक्त क्रम देत आहे, म्हणजे पहाटे तीन वाजता घाबरलेल्या अवस्थेतही तो आठवेल.

टेबल पुसून स्वच्छ करावे, साबणाने हात धुवावेत. फ्रीजमधून पावडरची आणि पाण्याची अशा दोन्ही बाटल्या काढाव्यात. नाव, युनिट आणि मुदतीची तारीख मोठ्याने वाचावी. दोन्ही बाटल्या तळहातात धरून खोलीच्या तापमानाला येऊ द्याव्यात. गरम पाण्यात किंवा गॅसजवळ ठेवू नयेत, फॅक्टर हे प्रथिन आहे, ते उष्णतेने बिघडते. प्लास्टिकची टोपणे काढून रबरी बुचे स्पिरिटच्या कापसाने पुसावीत आणि वाळू द्यावीत. दोन टोकांची सुई किंवा जोडणीचे साधन आधी पाण्याच्या बाटलीत बसवावे, मग ती उलटी करून पावडरच्या बाटलीवर टोचावी. आतल्या निर्वातामुळे पाणी आपोआप ओढले जाते. धार थेट पावडरवर न पडता काचेच्या कडेने उतरू द्यावी. त्यानंतर बाटली हलक्या हाताने गोल फिरवावी. खोकल्याच्या औषधासारखी ती हलवायची नाही, हलवली की फेस होतो आणि औषध वाया जाते. पावडर पूर्ण विरघळल्यावर द्राव स्वच्छ दिसायला हवा. कण तरंगत असतील किंवा गढूळपणा असेल तर ती व्हायल बाजूला ठेवून दुसरी घ्यावी आणि केंद्राला कळवावे. द्राव फिल्टरमधूनच सिरिंजमध्ये ओढावा आणि तयार केलेले औषध लगेच वापरावे; पुन्हा फ्रीजमध्ये ठेवू नये.

शिरेसाठी २३ किंवा २५ गेजची बटरफ्लाय सुई वापरावी. पट्टा बांधून हाताच्या मागची किंवा कोपराच्या खोबणीतली शीर शोधावी, जागा पुसून वाळू द्यावी, सुई तिरपी घालावी. नळीत रक्त मागे आलेले दिसले की आधी पट्टा सोडावा, मगच औषध ढकलायला सुरुवात करावी. प्रौढांत मिनिटाला ३ मिलिलिटरपेक्षा आणि लहान मुलांत मिनिटाला १०० युनिटपेक्षा वेग जास्त नसावा. म्हणजे ५०० युनिटला पाच मिनिटे धरावीत. जागा फुगू लागली किंवा जळजळ झाली तर सुई शिरेबाहेर आहे, लगेच थांबावे. संपल्यावर सुई काढून त्या जागी कापसाने किमान पाच मिनिटे दाब द्यावा. कोपर दुमडून धरू नये, हात सरळ ठेवावा.

अंगावर पित्त उठले, ओठ सुजले, छाती भरून आली किंवा श्वास लागला तर औषध थांबवून तडक रुग्णालय गाठावे. तीव्र हिमोफिलिया बी मध्ये फॅक्टर ९ ची गंभीर ॲलर्जी येऊ शकते, म्हणून अशा मुलांचे पहिले १० ते २० डोस रुग्णालयातच द्यावेत असा दंडक आहे आणि तो घाई करून मोडू नये.

व्हायलवरचा स्टिकर वहीत चिकटवून शेजारी तारीख, वेळ, कारण, जागा आणि किती तासांत आराम पडला ते लिहावे. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवून पुढच्या भेटीत रुग्णालयात द्याव्यात. इमारतीचा किंवा चाळीचा कचरा हाताने वेगळा करणारी माणसे असतात. त्यांच्या हाताला आपली सुई टोचता कामा नये.

रुग्णालयात पोहोचल्यावर

डोक्याला जोराचा मार लागला असेल तर नियम एकच आहे: आधी फॅक्टर, नंतर सीटी स्कॅन. मूल खेळत असेल, बोलत असेल, तरीही. उलट्या, वाढती डोकेदुखी, सुस्ती, झटका किंवा चालताना तोल जाणे ही लक्षणे उशिरा दिसतात. घरी व्हायल असेल तर निघण्यापूर्वीच डोस द्यावा, किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करून ती येईपर्यंत तयारी करावी. व्हायल सोबत न्याव्यात. जवळच्या नर्सिंग होममध्ये फॅक्टर नसला तरी शिरेतून देणारे हात असतातच.

कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरला दिवसभरात शंभर रुग्ण पाहायचे असतात आणि हिमोफिलिया त्याने कदाचित पुस्तकातच पाहिलेला असतो. त्याच्याशी वाद न घालता, कार्ड हातात देऊन, मोजक्या शब्दांत सांगावे: ‘डॉक्टर, याला तीव्र हिमोफिलिया ए आहे, इन्हिबिटर नाही. वजन ३२ किलो. डोक्याला लागून अर्धा तास झाला. आमच्याकडे फॅक्टर ८ आहे, कृपया आधी तो द्या, मग सीटी करा. आमच्या केंद्रातल्या डॉक्टरांचा हा नंबर आहे, तुम्ही बोलून घेता का?’ केस पेपर, एक्स-रे आणि रक्ततपासणी यांच्या रांगेत फॅक्टर मागे पडू नये यासाठी नातेवाइकांपैकी एकाने कागदाची कामे करावी आणि दुसऱ्याने रुग्णाजवळून हलू नये. कंबरेतले इंजेक्शन, धमनीतून रक्त काढणे आणि कंबरेच्या मणक्यातून पाणी काढणे या गोष्टी फॅक्टर दिल्याशिवाय होऊ देऊ नयेत. शिराही जपायला हव्यात: बारीक सुई, अनुभवी हात, आणि दोनदा चुकले तर दुसऱ्या कुणाला बोलावण्याची विनंती.

जवळपास फॅक्टर मिळतच नसेल तर हिमोफिलिया ए साठी क्रायोप्रेसिपिटेट (दात्याच्या प्लाझ्मापासून रक्तपेढीत बनवलेला घटक) वापरता येते. त्याच्या एका पिशवीत साधारण ७० ते ८० युनिट फॅक्टर ८ असतो. त्यात फॅक्टर ९ नसतो, म्हणून बी प्रकारच्या रुग्णाला त्याचा काहीही उपयोग नाही. त्याला ताजा गोठवलेला प्लाझ्मा द्यावा लागतो. प्लाझ्माच्या १ मिलिलिटरमध्ये जेमतेम १ युनिट असल्याने हवी ती पातळी गाठता गाठता शरीरात पाणी जास्त होते. विषाणू निष्क्रिय केलेल्या फॅक्टरइतकी सुरक्षितताही यात नाही. ही सोय फॅक्टर पोहोचेपर्यंतच्या तासांपुरती समजावी.

औषधांच्या बाबतीत

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही प्लेटलेटच्या कामात अडथळा आणणारी औषधे टाळावीत. कॉम्बिफ्लॅमसारख्या गोळीत पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनही असते, हे केमिस्टकडून गोळी घेताना ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात ताप आला की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कंबरेत इंजेक्शन देऊन मोकळे केले जाते. हिमोफिलियाच्या रुग्णाला ते देऊ नये. डेंग्यूत प्लेटलेटही उतरतात, त्यामुळे या मोसमात ताप दोन दिवसांपुढे गेला की उपचार केंद्राला कळवलेले बरे. लसी मात्र चुकवू नयेत: शक्य तिथे त्वचेखाली, नाही तर बारीक सुईने आणि नंतर दहा मिनिटे दाब देऊन.

तोंडातला, हिरडीतला किंवा नाकातला रक्तस्राव ट्रानेक्सॅमिक ॲसिडने (तयार झालेली गुठळी टिकवून धरणारे औषध) चांगला आटोक्यात येतो. दात काढताना ते फॅक्टरच्या जोडीने काही दिवस देतात. लघवीतून रक्त जात असेल तर ते देऊ नये, कारण गुठळी मूत्रमार्गात अडकते. अशा वेळी भरपूर पाणी आणि विश्रांती, आणि थांबले नाही तर फॅक्टर. प्रोथ्रोम्बिन कॉम्प्लेक्स नावाचे मिश्र फॅक्टर औषध चालू असतानाही ट्रानेक्सॅमिक ॲसिड सोबत देत नाहीत.

नेहमीचा डोस लागू पडेनासा झाला तर

ज्या मुलाला एका डोसात आराम पडायचा त्याला तीन डोसांनंतरही पडत नाही, तेव्हा औषध खराब आहे असे समजण्याआधी इन्हिबिटरची तपासणी मागावी. तीव्र हिमोफिलिया ए मध्ये सुमारे २० ते ३० टक्के रुग्णांत तो कधी ना कधी तयार होतो, बी मध्ये ५ टक्क्यांहून कमी. बहुतेकदा तो सुरुवातीच्या काही डोसांतच येतो, म्हणून लहान मुलांत तपासणी वरचेवर हवी. शिवाय शस्त्रक्रियेपूर्वी आणि सलग पाच दिवसांहून अधिक फॅक्टर दिल्यानंतरही ती करावी. निकाल बेथेस्डा युनिटमध्ये येतो. ५ पेक्षा कमी असेल तर मोठ्या डोसाने भागू शकते. त्याहून वर गेल्यास फॅक्टर सात-ए हे औषध दर किलोला ९० मायक्रोग्रॅम दर दोन-तीन तासांनी, किंवा सक्रिय प्रोथ्रोम्बिन कॉम्प्लेक्स दर किलोला ५० ते १०० युनिट, दिवसाला दर किलो २०० युनिटच्या आत, असे उपचार करतात.

एमिसिझुमॅब हे त्वचेखाली घ्यायचे इंजेक्शन हिमोफिलिया ए मध्ये रक्तस्राव होऊ नये म्हणून आठवड्याने, पंधरवड्याने किंवा चार आठवड्यांनी देतात. चालू असलेला रक्तस्राव ते थांबवत नाही. तेव्हा फॅक्टरच लागतो. ते घेणाऱ्याच्या कार्डावर त्याचे नाव ठळक असावे, कारण त्यामुळे एपीटीटी ही रक्त गोठण्याची नेहमीची तपासणी चुकीची सामान्य दिसते, आणि सक्रिय प्रोथ्रोम्बिन कॉम्प्लेक्सचे मोठे डोस सोबत दिल्यास रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका असतो.

रक्तस्राव झाल्यावर उपचार करण्यापेक्षा तो होऊ नये म्हणून नियमित फॅक्टर देणे हाच तीव्र आजाराचा योग्य उपचार आहे, असे माझे ठाम मत आहे. पूर्ण मात्रा परवडत नाही म्हणून काहीच न देणे हा पर्याय नव्हे. दर किलोला १० ते १५ युनिट आठवड्यातून दोन-तीनदा दिले, तरी सांध्यांतले रक्तस्राव लक्षणीय कमी होतात. लहान वयातच, सांधे चांगले असताना, याबद्दल आपल्या केंद्रात विचारावे.

साठा, पावसाळा आणि कागदपत्रे

फॅक्टर २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावा. फ्रीजच्या दारात तापमान सारखे बदलते आणि बर्फाच्या कप्प्यात औषध गोठून निकामी होते, म्हणून मधल्या फळीवर, झाकणाच्या डब्यात, मुदत आधी संपणारी व्हायल पुढे, अशी मांडणी करावी. लोकलने नेताना बर्फाच्या पॅकला व्हायल थेट टेकणार नाही अशा रीतीने फडक्यात गुंडाळून लहान शीतपेटीत ठेवावी.

जून ते सप्टेंबर या काळात घरात किमान एका मोठ्या डोसाची तजवीज असावी. जोराच्या पावसात हिंदमाता परिसरात पाणी साचले आणि गाड्या थांबल्या की परळ गाठणे अवघड होते, २६ जुलै २००५ ला तर सबंध शहरच अडकले होते. अशा दिवसासाठी घराजवळच्या, पायी जाता येईल अशा एखाद्या डॉक्टरांना आधीच भेटून, कार्ड दाखवून, ‘वेळ पडली तर आमची व्हायल तुम्ही शिरेतून द्याल का’ हे विचारून ठेवावे. उपनगरांपलीकडे राहणाऱ्यांनी दर वेळी मुंबईच गाठावी असेही नाही. ठाणे, नाशिक, सातारा, अमरावती अशा जिल्हा रुग्णालयांत शासनाने हिमोफिलिया डे केअर केंद्रे सुरू केली आहेत. गावी जाण्यापूर्वी तिथल्या सर्वांत जवळच्या केंद्राशी बोलून साठ्याची चौकशी करावी आणि उपचार केंद्राकडून प्रवासाचे पत्र घ्यावे, म्हणजे शीतपेटीतल्या सुया-सिरिंजबद्दल वाटेत कुणाला खुलासे देत बसावे लागत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) यासाठी ऑनलाइन अर्ज करून ठरवून दिलेल्या रुग्णालयात तपासणीला जावे लागते. जाताना फॅक्टरच्या पातळीचा मूळ अहवाल, इन्हिबिटरचा अहवाल आणि रक्तस्रावाची वही सोबत न्यावी. शाळेलाही एक पत्र द्यावे: मुलाला पोहणे, चालणे, सायकल चालेल, कबड्डी आणि दहीहंडीचे थर चालणार नाहीत, डोक्याला लागले तर पालकांची वाट न पाहता कुठे न्यायचे आणि कुणाला फोन करायचा. ते पत्र मुख्याध्यापकांच्या फाइलमध्ये राहून उपयोग नाही, वर्गशिक्षक आणि पीटीच्या शिक्षकांकडे त्याची प्रत असावी, आणि जूनमध्ये वर्ग बदलला की ती नव्या शिक्षकांना द्यावी.